पाच नंबरची खाट

मी घड्याळ बोलतोय. भिंतीवरचं नव्हे, नर्सच्या छातीवर पिनेने टांगलेलं. तुम्हाला मी उलटा दिसतो. तिने मान खाली घातली की तिला सरळ.

आधी मी तिच्या मावशीचा. मावशीही नर्सच. निवृत्त होताना तिने मला भाचीच्या गणवेशावर लावलं आणि बजावलं, "नाडी मोजताना गप्पा मारायच्या नाहीत." अकरा वर्षं आमचं छान चाललं. रविवारी ती मला चर्चलाही न्यायची, आणि प्रवचन लांबलं की हळूच माझ्याकडे बघायची.

मग तो सोमवार आला. दोन नर्स रजेवर. घाईत तिने चार नंबरच्या खाटेचं इन्सुलिन पाच नंबरच्या आजोबांना टोचलं. थोड्या वेळाने आजोबांना दरदरून घाम फुटला, शुद्ध हरपली. ग्लुकोज चढवलं, म्हणून वाचले. आजोबा मधुमेहाच्या गोळ्या घेत. डॉक्टरांना वाटलं, उपाशीपोटी गोळी बाधली. आजोबांची मुलगी रडू लागली, "डबा आणायला मलाच उशीर झाला."

चार नंबरचं इंजेक्शन शोधताना माझ्या मालकिणीला चूक उमगली. तिच्या काळजाची धडधड मला कापडाआडून ऐकू आली.

तिने मेट्रनला सांगितलं. मेट्रन म्हणाल्या, "आता बरे आहेत ना ते? मग कशाला उकरून काढतेस? तुला काढलं तर तीस खाटा कोण सांभाळणार?"

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

संध्याकाळी तिने सासऱ्यांजवळ बसून सगळं सांगितलं. ते चर्चचे निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू.

"पप्पा, मी खोटं तर बोलले नाही."

"नाही बोललीस. पण शेजाऱ्यावर प्रीती करा, असं मी जन्मभर सांगत आलो. इथे तुझा शेजारी कोण?"

"आजोबा."

"बस, एवढेच?"

ती म्हणाली, "त्यांची मुलगी. माझं ओझं ती वाहतेय."

दुसऱ्या दिवशी ती थेट पाच नंबरच्या खाटेपाशी गेली. "ताई, तुमच्या उशिराने काही झालं नाही. चुकीचं इंजेक्शन मी दिलं."

"आणि मी कालपासून स्वतःला दोष देतेय!" मुलगी कडाडली. तिने लेखी तक्रार केली. आजोबांनी तोंड फिरवलं. पण त्या दुपारी मुलीने आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच वडिलांबरोबर चार घास खाल्ले, हे मी पाहिलं.

शिक्षा म्हणून चार महिने आम्ही स्टोअरमध्ये चादरी मोजल्या. एकदा मेट्रन आल्या. "सांगितलं होतं ना मी?"

"हो. पण उद्या तीच वेळ आली, तरी मी तेच करेन," ती म्हणाली, आणि पुढची चादर उचलली.

आता आम्ही परत वॉर्डात आहोत. माझी तबकडी पिवळी पडलीय, दिवसाला पाच मिनिटं मागे पडतो. रोज सकाळी ती मला पुढे करते. इंजेक्शनआधी पेशंटचं नाव विचारते, मनगटावरची पट्टी वाचते, पुन्हा विचारते. लोक वैतागतात.

कधी तुम्ही त्या खाटेवर असाल आणि तिने तिसऱ्यांदा नाव विचारलं, तर चिडू नका. मोठ्याने सांगा. तेवढा वेळ आहे माझ्याकडे.