बाळसं धरलेली पट्टी

पंपघरात एवढी गर्दी जमली होती, की आत शिरायलाही जागा नव्हती. स्वतःच्या पाळीला कधी वेळेवर न येणारी माणसं आज दुसऱ्याच्या पाळीला हजर होती. गरम पाण्याच्या लाइनखाली खुर्चीवर उभे राहून, लोखंडाशी बोलून गंज थांबवतो म्हणणारे लोहगुरू पाइपवरून हात फिरवत होते.

"लोखंड गंजत नाही, रुसतं," ते म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी मी याच्याशी दोन शब्द प्रेमानं बोललो. आता याचा रुसवा गेलाय."

खुर्ची पंप ऑपरेटरची होती. त्याला सगळा कारखाना मामा म्हणे. कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या केमिस्टबाईंचा मात्र तो सख्खा मामा. मामा रोज त्या खुर्चीत बसे तेव्हा बरोबर त्याच्या डोक्यावर लाइनचा बाक, म्हणजे पाइपचं वळण, येई. हा बाक बदलायचं ठरलं होतं, पण त्यासाठी कारखाना दोन दिवस बंद ठेवावा लागणार, आणि मॅनेजरसाहेबांना तेवढा तोटा नको होता. ते काम रद्द करायचं पत्र टाइप होऊन त्यांच्या खिशात होतं. फक्त चमत्कार व्हायचा बाकी होता.

पाइप आतून किती झिजला हे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याच लोखंडाची बोटभर पट्टी तोलून पाण्यात टांगतात आणि तीन महिन्यांनी काढून पुन्हा तोलतात. जेवढी घट, तेवढं लोखंड गेलं. हे काम केमिस्टबाईंचं. यंदा मात्र गुरूंनी अट घातली होती: पट्टी वाळवा, पण धुऊ नका, आशीर्वाद उतरतो. आजवर साहेबांनी फक्त शेवटचा आकडा वाचलेला. पट्टी आधी धुतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तराजूवर पट्टी ठेवली गेली. साहेबांनी चष्मा पुसून आकडा वाचला.

"टांगली तेव्हा अकरा ग्रॅम होती. आता अकरा पूर्णांक चार."

"घट नाही, वाढ," गुरू हसले. "लोखंड बाळसं धरतंय."

मामानं भाचीकडे विजयानं पाहिलं. "बघ. तू लहानपणापासूनच शंकेखोर. मी नाणं गायब केलं, की लगेच म्हणायचीस, दुसरी मूठ उघड."

"आजही तेच म्हणणार आहे, मामा."

बाईंनी खिशातून दुसरी गंजकी पट्टी काढली. "हिचंही वजन आधी अकराच होतं. त्याच दिवशी टांगली. वाळवून आणलीय. तोला."

अकरा पूर्णांक सहा भरली.

"पाहिलंत?" गुरूंनी संधी सोडली नाही. "माझा शब्द कुठवर पोचला."

"बायकांच्या संडासात पोचला. ही फ्लशच्या टाकीत होती. आता गुरुजी तिथं काय करत होते, ते त्यांनीच सांगावं."

हशा पिकला. साहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"शिवाय फ्लश चालत नाही तेव्हा त्या टाकीला आम्ही जे बोलतो, ते प्रेमाचं नसतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "लोखंडाला पाण्यातला ऑक्सिजन चिकटून गंज होतो. वर पाण्यातला क्षार बसतो. वजन त्यांचं वाढलं. लोखंड किती उरलं, ते धुतल्यावर कळेल."

"धुऊ नका," गुरू खुर्चीवरून उतरले. "आम्ल लोखंडच खाईल."

"शंका रास्त आहे. म्हणून सोबत अकरा ग्रॅमचीच एक कोरी पट्टीही बुडवते. आम्ल लोखंड खात असेल, तर तीही घटेल."

गंज काढायच्या द्रावणात तिन्ही पट्ट्या बुडाल्या. पाणी तांबूस झालं. वाळवून तोलल्यावर कोरी पट्टी अकराच्या अकरा भरली. टाकीतली दहा. गुरूंची नऊ पूर्णांक एक, आणि तिला आरपार भोक. बाईंनी ती खिडकीसमोर धरली, तेव्हा भोकातून उजेडाचा ठिपका मामाच्या सदऱ्यावर पडला.

मग त्यांनी बाकावर जाडी मोजायचं यंत्र टेकवलं. ते आवाजाची लाट धातूत सोडतं आणि ती परतायला लागलेल्या वेळेवरून जाडी सांगतं.

"नवा होता तेव्हा सहा मिलिमीटर. आता दीड. आत उकळायला आलेलं पाणी."

मामानं एकदा वर पाहिलं, खुर्ची उचलली आणि थेट दाराबाहेर नेऊन ठेवली. साहेबांनी पत्राच्या चार चिंध्या केल्या आणि विचारलं, "लाइन कधी बंद करायची?"

"आत्ता. आणि साहेब, गुरूंचं ऐकून मानू नका, मी सांगते म्हणूनही मानू नका. पट्टी समोर धुऊन घ्या, समोर तोलून घ्या. जो धुऊ नका म्हणतो, त्याची पट्टी तर दोनदा धुवा."

लोहगुरू निघाले होते. जाताना ते लोखंडाबद्दल काही बोलले नाहीत. लोखंडाच्या फाटकाशी तर मुळीच नाही, कारण ते गंजून अडकलं होतं आणि ढकलायला चौघं लागले.

तासाभरानं बाई बाहेर आल्या, तेव्हा मामा खुर्चीत बसला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि दोन्ही मुठी उघडल्या. नाणं डाव्या हातात होतं.