पॅकिंगची जागा

मनोरमाबाईंच्या ओव्हनमध्ये श्रावणापासून नानखटाई झाली नव्हती. तिथे गाडीच्या इंजिनाचं झाकण, टॅपेट कव्हर, भाजलं जात होतं. इंजिनावरचा रंग नुसता मारून भागत नाही, तो भाजून पक्का करावा लागतो, असं गोपीनाथरावांचं म्हणणं. आणि एकदा त्यांचं काही म्हणणं पडलं की रामबागेतल्या त्या घरात भांड्याकुंड्यांची धडगत नसे. मोठी परात डिझेलमध्ये नट-बोल्ट भिजवायला गेली. भावजयीनं दिलेला स्टीलचा डबा ब्रश ठेवायला गेला. त्याचं दुःख मात्र बाईंनी केलं नाही, कारण भावजयीनं तो स्वतःला नकोसा झाला म्हणूनच दिला होता, हे त्या ओळखून होत्या.

पोर्चमध्ये फियाट उभी होती, बॉनेट काढलेली, पोट रिकामं. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून गोपीनाथरावांनी तिचं इंजिन दोनदा उतरवलं होतं, घासलं होतं, रंगवलं होतं आणि पुन्हा जिथल्या तिथे चढवलं होतं. ही तिसरी खेप. दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि तिच्यातूनच महूला धाकट्या बहिणीकडे, अमिताकडे, सोनं द्यायला जायचं हा त्यांचा नेम.

"आई, विकून टाका ना यार ती गाडी," समीर पुण्याहून फोनवर म्हणायचा.

"तू आधी तुझ्या बाबांना गिऱ्हाईक बघ. गाडी त्यांच्यावर फुकट देऊ."

पण यंदा काम लांबत होतं. सोमवारी हिरवंगार होऊन ओव्हनमधून निघालेलं कव्हर गुरुवारी पुन्हा वायर ब्रशखाली दिसायचं.

"अहो, मारुतीला शेंदूर फासताय का? किती थर ते!"

"फिनिश नाही आली, मनू."

शेजारणींना बाई सांगायच्या, आमच्याकडे सगळं परफेक्ट लागतं. शेजारणींचा त्यावर पूर्ण विश्वास बसला, बाईंचा निम्मा. वीस वर्षं दूध घालणाऱ्या माणसाला गोपीनाथरावांनी परवा विचारलं होतं, "भिया, तुम नये हो क्या?" दूधवाला हसला, बाईही हसल्या आणि तो प्रकार त्यांनी थट्टेच्या खात्यात जमा करून टाकला. त्या खात्यात अलीकडे बरीच भर पडत होती.

नवरात्रातल्या पंचमीला सकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा बंटी इंजिन चढवायला चेन-पुली घेऊन आला.

"काकीजी, पहले पोहे. खाली पेट चेन नहीं खिंचती."

"तुझी भरल्या पोटी तरी कुठे खिंचते?" बाई आत जाता जाता म्हणाल्या.

पोह्यांच्या बश्या घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा गोपीनाथराव वर्तमानपत्रावर ठेवलेलं इंजिनाचं हेड बंटीला दाखवत होते. नातवंडाची पत्रिका दाखवावी तशा कौतुकानं त्यांनी ते उलटं केलं. "बघ. आरसा आहे की नाही?"

हेडची खालची सपाट बाजू हिरवी चकचकीत झाली होती. आणि बाहेरच्या गोलसर अंगाला, जिथे खरं तर रंग द्यायचा, तिथे पांढरी टेप काठाला काठ लावून नीट चिकटवली होती.

बाईंना इंजिनातलं फारसं कळत नव्हतं, पण एक गोष्ट संसारभर ऐकून पाठ होती. जिथे एक भाग दुसऱ्यावर बसतो, मध्ये तेल अडवणारं पॅकिंग असतं, त्या जागेला रंगाचा थेंब लागता कामा नये. लागला की भाग बसत नाही, आज ना उद्या तेल गळतं. रंगाआधी टेप लावायची ती त्या जागेला. याच नियमावर बाईंनी सुनेला कुकरची रिंगसुद्धा शिकवली होती.

बंटीनं तोंड उघडलं. मग बाईंकडे बघितलं. बाईंनी बश्यांवरून ‘नको’ अशी जेमतेम मान हलवली.

"भोत मस्त, काकाजी," तो म्हणाला. "एकदम कांच."

"मग चल, चढवू या."

"आज नको," बाई घाईनं म्हणाल्या. दुसरं काही सुचेना. "आज अमावास्या आहे."

आत देवघरात घट बसलेला होता, त्याची माळ सकाळी स्वतः गोपीनाथरावांनीच बांधली होती. नवरात्रात अमावास्या काढणाऱ्या बाईची त्यांनी एरवी आठवडाभर टर उडवली असती. मुळात तिथी बघून नट पिळणाऱ्यातले ते नव्हतेच. ते आता बोलतील, खो खो हसतील, म्हणून बाई बशी धरून उभ्या राहिल्या.

"अच्छा? अमावास्या का?" ते म्हणाले. "मग राहू दे." आणि पोहे खायला लागले.

हिरव्या रंगानं नव्हतं हादरवलं तेवढं या उत्तरानं बाईंना हादरवलं. थट्टेचं खातं त्या एका वाक्यात बंद झालं.

फाटकाशी बंटीनं आवाज खाली आणला. "काकीजी, हेड मेरे को दे दो. साफ करके मैं ही बिठा दूंगा. दशहरे तक गाडी चालू."

बाईंनी मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. गाडी चालू झाली की हे स्टिअरिंगवर बसणार. महूच्या रस्त्यावर ट्रकांच्या मध्ये, आणि शेजारी आपण. चावी लपवता येईल, पण मग सकाळी उठून या माणसानं जायचं कुठे? पोर्चमध्ये काही उघडं पडलेलं असतं म्हणून तर ते अजून अंथरुणातून उत्साहानं उठतात.

"नको, बंटी. चेन-पुली घेऊन जा तू."

"और दशहरा? महू?"

"बस जाते की महूला."

"फिर कब आऊं?"

"सांगेन मी," बाई म्हणाल्या.

दुपारी गोपीनाथराव झोपले. बाई मोरीतले रबरी हातमोजे चढवून पोर्चमध्ये पाट टाकून बसल्या. रंग उतरवायचं औषध ब्रशनं हेडच्या सपाट बाजूवर फासलं. हिरवा रंग फुगला, सुरकुतला. त्यांनी तो पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढला, मग बाहेरची टेप ओढून काढली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा औषधाचा वास फार उग्र आहे असं त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या. शेवटी थिनरच्या बोळ्यानं पुसलं. खाली स्वच्छ पांढुरका धातू लागला. त्या सपाट जागेवर त्यांनी नवी टेप लावायला घेतली.

मागे चपला वाजल्या.

"अरे वा!" गोपीनाथरावांनी डोळे चोळले. हेडकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "हे रंगवायचं राहिलंच होतं की."

"राहिलं होतं खरं."

ते शेजारी उकिडवे बसले आणि बाईंच्या बोटांकडे निरखून बघू लागले. "टेप मात्र अगदी बरोबर जागी लावतेस हं. ही पॅकिंगची जागा. इथे थेंब नको. कोणी शिकवलं तुला?"

बाईंच्या जिभेवर नेहमीचा टोमणा आला होता. त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ते खरंच विचारत होते.

"तुम्हीच," त्या म्हणाल्या.

"मी?" ते खूश होऊन हसले. "मग बरोबरच असणार." आणि स्प्रेचा डबा उचलून कानाशी धरून हलवू लागले.