टोपाचा सूड

मित्रांनो, मी माशांच्या टाकीवरचा एक जुना लाकडी टोप आहे. दुकानदार मला हूड म्हणतात, कांचन ढक्कन म्हणायची. टोप हे नाव रागिणीबाईंनी दिलं आणि तेच मला आवडतं. माझ्या डाव्या अंगाला एक लांब सांधा आहे. तिथे शिसवीच्या लाकडात दुसऱ्याच झाडाची फिकट पट्टी बसवलेली आहे. हा सांधा कसा पडला, ते मी तुम्हाला सांगणार आहे. तसे आम्ही टोप स्वभावाने गरीब. पाण्यावर बसावं, उजेड द्यावा, गप्प राहावं. पण मी एका माणसावर डूख धरला, आणि त्याची मान खाली गेली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तो आनंद मी तुमच्यापासून लपवणार नाही.

माझा जन्म चंदीगडच्या सेक्टर तीसमध्ये, एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात झाला. रागिणीबाई मूळच्या साताऱ्याच्या. चंदीगडच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या वैज्ञानिक उपकरणं बनवायच्या. यजमान सुरेशराव हवाई दलात होते आणि त्या वेळी दूर आसामात होते. घरात रागिणीबाई आणि त्यांची मुलगी कांचन, दोघीच. कांचनला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत.

त्यांच्या बैठकीत चार फुटी काचेची टाकी होती. तिच्यात गुरामी जातीचे मासे होते. हे मासे श्वास घ्यायला पाण्यावर तोंड काढतात आणि लहर आली की उडीही मारतात. टाकी उघडीच होती. एके सकाळी कांचनला तिचा लाडका मासा सोफ्याच्या मागे सापडला, वाळून कडक झालेला. तो तळहातावर घेऊन ती आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मा, उसको बाहर क्या चाहिए था?"

 रागिणीबाईंनी त्याच दिवशी दलबीरसिंगांना बोलावणं धाडलं.

दलबीरसिंग जवळच्या बुडैल गावचे सुतार. मोठी निळी पगडी, पांढरी होत चाललेली दाढी, आणि बोलणं असं की शब्दही रंधा मारून गुळगुळीत केलेला. त्यांनी शिसवीची चौकट केली, तिच्यात प्लायवूड बसवलं. पाण्याच्या वाफेने लाकूड फुगू नये म्हणून मागच्या अंगाला भोकं पाडली. हवेची नळी आत जावी म्हणून एका कोपऱ्यात खाच ठेवली. समोर लांब बिजागरी लावून दार केलं, म्हणजे माशांना खाणं घालताना सगळा टोप उचलायला नको. आतून मला पांढराशुभ्र रंग दिला, उजेड खाली पाण्यात पडावा म्हणून.

मग रागिणीबाईंनी माझ्या पोटात दोन ट्यूबलाइट बसवल्या, तारा ओढल्या आणि जुन्या गजराच्या घड्याळातून एक यंत्र तयार केलं. त्याने दिवे आपोआप लागायचे आणि आपोआप विझायचे. पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा दलबीरसिंग टाळी वाजवून म्हणाले, "बीबीजी, ये तो मछलियों का गुरपुरब हो गया!"

मित्रांनो, गुरपुरब म्हणजे शिखांच्या गुरूंच्या जन्मदिवसाचा दिव्यांचा सण. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

आता त्या माणसाविषयी सांगतो. वरच्या मजल्यावर विश्वनाथराव राहायचे. तेही मराठी, त्याच प्रयोगशाळेतले, वयाने रागिणीबाईंपेक्षा मोठे. एका नव्या कामाचं प्रमुखपद आपल्यालाच मिळणार असं ते धरून चालले होते. ते रागिणीबाईंना मिळालं. तेव्हापासून ते त्यांना "मॅडम" म्हणायला लागले, आणि तो शब्द असा उच्चारायचे की जणू दातात खडा आला आहे.

एका दुपारी ते जिना उतरून अंगणात आले. "काय ठोकाठोकी चाललीय, मॅडम?"

"माशांच्या टाकीला टोप करतेय. या ना, बघा," रागिणीबाई म्हणाल्या. त्यांनी दार उघडून दिवे दाखवले, तारा दाखवल्या. विश्वनाथरावांनी वाकून माझ्या आत पाहिलं. माझ्या घड्याळावर बोट ठेवलं. "वा! टायमरसुद्धा!" म्हणाले आणि वर निघून गेले. त्या बोटाचा स्पर्श मी विसरलेलो नाही. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी काय आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तुम्हाला ती वर्षं ठाऊक नसतील. पंजाबात दहशतवाद पेटलेला होता. बसमध्ये, बाजारात बॉम्ब फुटत होते. बेवारस डब्याला, रेडिओला हात लावू नका अशा पाट्या जागोजागी होत्या. रस्त्यांवर पोलिसांचे नाके होते आणि पगडीवाल्या माणसाला तिथे जास्त वेळ थांबावं लागायचं. लोकांची भीती खरी होती. भीतीपोटी कोणी चुकला असता तर मी राग धरला नसता.

माझ्यावर पॉलिशचा शेवटचा हात राहिला होता. त्याच्या वासाने मासे मरतात, म्हणून दलबीरसिंग मला आपल्या दुकानात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पॉलिश वाळल्यावर त्यांनी मला सायकलच्या मागे बांधलं आणि निघाले. वाटेतल्या नाक्यावर पोलीस जणू आमचीच वाट बघत होते.

"क्या है इसमें?"

"मछलियों का ढक्कन है जी."

शिपाई हसले. मग त्यांनी दार उघडलं, तारा आणि घड्याळ पाहिलं, आणि हसू थांबलं. दलबीरसिंगांना रस्त्यावर पालथं पाडलं. माझ्या डाव्या अंगावर बंदुकीचा दस्ता बसला आणि मी उभा चिरलो. चौकीच्या आवारात मला भिंतीकडे फेकलं. मी तिथे पडून होतो आणि आतून दलबीरसिंगांचा आवाज येत होता. ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "मछलियों का है जी, मछलियों का." नंतर शब्द येईनासे झाले, नुसता आवाज राहिला.

त्याच दिवशी रागिणीबाईंच्या घराची झडती झाली. टाकीच्या तळाशी वाळूत काही लपवलं असेल म्हणून ती आडवी केली. कांचन चहाच्या गाळणीने फरशीवरचे मासे उचलत होती. कुकरमध्ये थंड पाणी भरून त्यात टाकलेले दोन गुरामी जगले, बाकीचे गेले.

रागिणीबाई रोज चौकीवर येत. प्रयोगशाळेचं ओळखपत्र दाखवत, माझ्याकडे बोट करून समजावत, भांडत. शेवटी त्यांचे वरिष्ठ स्वतः आले तेव्हा दलबीरसिंग सुटले. त्यांच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"ये क्या हुआ, दलबीरजी?"

"दरवाज़ा लग गया, बीबीजी." ते खाली पाहत म्हणाले, "ऐसा ही बोलने को कहा है."

त्यांचा अंगठा पुन्हा कधी वाकला नाही. रंधा धरणारा हात गेला.

रागिणीबाईंनी मला घरी आणून अंगणात ठेवलं. मी वर पाहत पडून असायचो. वरच्या गॅलरीत विश्वनाथराव पेपर वाचत चहा प्यायचे. पोलिसांना आमच्याविषयी आधीच फोन गेला होता, पण तो कोणी केला हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पण त्यांच्या बशीचा आवाज आला की माझ्या चिरेतून काहीतरी पेटत जायचं.

मग एक दिवस त्यांच्या पत्नी, सुमित्रावहिनी, खाली आल्या. रागिणीबाई कपडे वाळत घालत होत्या. वहिनींनी त्यांचा हात धरला.

"रागिणी, तो फोन आमच्याकडून गेला गं. मी शेजारीच उभी होते."

रागिणीबाईंच्या हातातला कपडा खाली पडला. "पण त्यांनी तर बघितलं होतं सगळं!"

"तुझी चौकशी लागावी, पद जावं, एवढंच डोक्यात होतं. सरदारजी धरले जातील हे मनातही नव्हतं, असं म्हणतात." वहिनी रडायला लागल्या. "माझं नाव कुठे घेऊ नकोस. मला त्याच घरात राहायचंय."

रागिणीबाईंनी शब्द दिला. मित्रांनो, मला त्यांचा फार राग आला. कसला शब्द नि काय! मला वाटे, ओरडावं, सगळ्या सेक्टरला सांगावं. पण मला कुठलं तोंड?

पुढे दलबीरसिंग आले. मला दुरुस्त करायचं होतं. ते स्टुलावर बसून सांगत आणि रंधा रागिणीबाई मारत. शिसवी मिळाली नाही, म्हणून आंब्याच्या लाकडाची पट्टी बसवली. रागिणीबाईंनी नवं घड्याळ लावलं. दलबीरसिंग डाव्या हाताने माझी कड चाचपत राहिले, आणि मी ठरवलं की या सांध्याचा हिशेब झाल्याशिवाय मला शांत बसायचं नाही.

भाद्रपदात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीच्या मखरावर छत हवं होतं. रागिणीबाईंनी मला दिलं. चार खांबांवर मला चढवलं आणि माझा उजेड मूर्तीवर पडू लागला. लष्करातली, हवाई दलातली, शिकायला आलेली किती तरी मराठी माणसं यायची आणि वर पाहून विचारायची, हे कोणी केलं? विश्वनाथराव मंडळाचे अध्यक्ष होते. दर आरतीला ते माझ्या खाली उभे राहत. पडावं का याच्या डोक्यावर, असं मला रोज वाटे.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी रागिणीबाईंनी दलबीरसिंगांना बोलावलं. ते मागे दाराशी उभे राहिले. आभाराच्या भाषणात विश्वनाथरावांची नजर तिकडे गेली. हसत ते मराठीत म्हणाले, "दिवस वाईट आहेत. कोणाला आत घेतो ते प्रत्येकाने बघावं. नंतर मंडळाला निस्तरायला नको."

थोडे लोक हसले. दलबीरसिंगांना भाषा कळली नाही, पण हसू कळलं. ते वळून निघाले.

रागिणीबाई उठून उभ्या राहिल्या. पण दिलेला शब्द आड येत होता. बोला, मी मनात म्हणत होतो, बोला!

बोलल्या त्या बायकांत बसलेल्या सुमित्रावहिनी.

"यांनीच फोन केला होता," त्या उभं राहून म्हणाल्या. "हे सरदारजी बॉम्ब बनवतात म्हणून."

 विश्वनाथराव म्हणाले, "अगं, मला खरंच वाटलं की…"

"काही वाटलं नव्हतं. खाली जाऊन बघून आलात. वर येऊन मला म्हणालात, आता बघ मॅडमची कशी धावपळ होते. धावपळ झाली, आणि या माणसाचा हात गेला. पाया पडते, आज तरी खोटं बोलू नका."

रागिणीबाईंनी दलबीरसिंगांना थांबवून हिंदीत सगळं सांगितलं.  विश्वनाथराव दलबीरसिंगांपुढे येऊन हात जोडून म्हणाले, "गलती हो गई. माफ़ कर दो."

"माफ़ी बाद में, बाबूजी," दलबीरसिंग म्हणाले. "बप्पा का विसर्जन हो जाए, फिर ये ढक्कन उठाओ. उसी रास्ते से बीबीजी के घर छोड़ आओ. घड़ी चालू रखना."

कोणी मधे पडलं नाही. विसर्जन झालं. विश्वनाथरावांनी मला दोन्ही हातांनी उचललं. उन्हात मी जड होतो, आणि खरं सांगतो, मला आणखी जड व्हायचं होतं. माझ्या पोटात टिकटिक चालली होती. दलबीरसिंग आणि रागिणीबाई थोडं अंतर ठेवून मागून येत होते.

नाक्यावर शिट्टी वाजली. "रुको! क्या है इसमें?"

विश्वनाथराव अडखळत म्हणाले, "मछ… मछलियों का… ढक्कन है जी."

"खोलो. ये घड़ी किसलिए? नीचे रखो. हाथ ऊपर!"

भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ते हात वर करून उभे राहिले.  शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी मागे वळून दलबीरसिंगांकडे पाहिलं. एका शब्दाने सुटका झाली असती. दलबीरसिंग बोलले नाहीत. खूप वेळाने अधिकारी आला, त्याने माझ्या ट्यूबलाइट पाहिल्या आणि म्हणाला, "जाओ, बाबूजी." त्यांच्या अंगाला कोणी बोटही लावलं नाही. मित्रांनो, मला त्याचंही वाईट वाटलं. तेव्हा माझा राग एवढा होता.

त्यानंतर विश्वनाथरावांनी बदली मागून घेतली. सुमित्रावहिनी त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, बहिणीकडे नागपूरला राहिल्या. दलबीरसिंग डेराबस्सीच्या एका औषधांच्या कारखान्यात दारावर बसू लागले. सुट्टीच्या दिवशी ते टाकीसमोर येऊन बसत, कांचन त्यांना चहा देई. सूड घेतल्याने अंगठा वाकू लागला नाही, हे मी त्यांच्या कपाकडे बघून शिकलो. ते कप डाव्या हाताने धरत.

बरीच वर्षं गेली. एक दिवस म्हातारे झालेले विश्वनाथराव रागिणीबाईंच्या दारात आले. माझ्या सांध्याकडे पाहत म्हणाले, "मला माफ केलं, एवढं म्हणा."

"माझे मासे गेले, त्यांच्या जागी मी नवे आणले," रागिणीबाई म्हणाल्या. "तुम्हाला माफ करायचं की नाही, हे माझ्या हातात नाही. दलबीरजींचा डेराबस्सीचा पत्ता सांगते. जाल?"

ते वळून निघून गेले. ते तिकडे गेले की नाही, हे मला कधीच कळलं नाही. अजूनही दाराची घंटा वाजली की मी कान देतो.

मित्रांनो, माझं लाकूड आता फुगलं आहे, आत नवे दिवे आहेत. माझं ओलं अंग अधूनमधून पुसत जा, खाणं घातल्यावर दार लावत जा, मासे उडी मारतात. आणि शेजारी कोणी काही बनवताना दिसलं, तर खाली उतरा, बघा, विचारा. जे डोळ्यांनी पाहिलं तेच दुसऱ्याला सांगा. मी लाकडाचा होतो, म्हणून मला पट्टी लावता आली.