पावसाकडे तोंड

मित्रांनो, मी एका जुन्या चर्चमधली रंगीत काचांची खिडकी आहे. लाजेनं भिंतीकडे तोंड करून बसावं असं फार वाटतं. पण मी मुळात भिंतीतच आहे, त्यामुळे तीही सोय नाही.

मला एका काच रंगवणाऱ्या कारागिरानं घडवलं. निळ्या-तांबड्या काचा कापून त्यानं शिशाच्या पट्ट्यांत बसवल्या आणि त्यातून विहिरीवर घागर भरणारी बाई उभी केली. तिचे डोळे, ओठ, गालावरचा तीळ त्यानं कुंचल्यानं काढले आणि काच भट्टीत भाजली. चेहरा त्याच्या नुकत्याच वारलेल्या बायकोचा होता. आच जरा कमी पडली, रंग काचेत पुरता मुरला नाही, पण रंगाची बाजू चर्चच्या आत होती. तिथे पावसाची भीती नव्हती.

त्याची लेक दर रविवारी माझ्याखाली बसायची. आईचं दुसरं चित्र घरात नव्हतं. बघता बघता लेक आईपेक्षा म्हातारी झाली, सगळ्यांची आजी झाली. तरी माझ्यासमोर बसताना आधी केस नीट करायची. आई रागावेल म्हणून!

पुढे माझं शिसं सैल झालं आणि मला डागडुजीला उतरवलं. परत बसवणाऱ्यांनी विचार केला, गुळगुळीत बाजू आत असलेली बरी, पुसायला सोपी. झालं! बाईचा चेहरा पावसात आणि पाठ चर्चमध्ये.

आजी पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "अहो फादर, आईचा तीळ या गालावरून त्या गालावर कसा गेला?"

चर्च समितीचे अध्यक्ष शेजारीच होते. "आजी, चष्मा बदला आता. खिडकी बघा कशी लख्ख झालीय!"

लख्ख तर मी होतच होते. दर पावसात थोडा रंग धुपायचा. भुवया गेल्या, तीळ गेला, आणि तेवढा उजेड आत जास्त येऊ लागला. लोक म्हणायचे, "वा, काय प्रसन्न वाटतं!" घर जळताना छान ऊब आली म्हणावं, तसलं ते कौतुक. आणि मी निर्लज्जासारखी झळकत होते. काचेला दुसरं येतं काय?

एका पावसाळी रविवारी आजींची जागा रिकामी दिसली. फादर शोधत बाहेर आले. आजी स्वतः चिंब भिजत, उघडी छत्री माझ्यावर धरून उभ्या होत्या.

"आजी, आत चला. आजारी पडाल."

"मी येईन हो. पण आई भिजतेय, तिचं काय?"

फादर हसायला गेले. समजूत घालायची म्हणून त्यांनी काचेवर हात ठेवला. बोटांना कुंचल्याच्या रेषा लागल्या, खरखरीत, बाहेरच्या बाजूला. त्यांचं हसू तिथंच विरलं. त्यांनी छत्री आपल्या हातात घेतली.

मला सुलट बसवलं, तेव्हा एक डोळा आणि अर्धे ओठ उरले होते. दुरुस्तीला आलेला तरुण कारागीर म्हणाला, "नवा चेहरा काढून देतो. अगदी हुबेहूब."

"कसा काढशील बाळा?" आजी म्हणाल्या. "तिला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोण आहे? राहू दे. एका डोळ्यानंही ती बघतेच."

मित्रांनो, कुठलीही जुनी वस्तू लख्ख करण्याआधी तिच्यासमोर रोज बसणाऱ्याला एकदा विचारा. आणि तो काही सांगू लागला, तर त्याच्या चष्म्याची चौकशी करू नका.

आजही रविवारी आजी येतात. पुसल्या गालातून ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येतं. त्या हाताचा आडोसा करतात, उरलेल्या डोळ्याकडे बघतात आणि केस नीट करतात. मला तेव्हा मान खाली घालावीशी वाटते. पण आमच्या कारागिरानं मला मान दिलेली नाही.