उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाची खोली

रंगारी लोक मला घोडा म्हणतात. दचकू नका मित्रांनो, मला शेपूट नाही आणि मी खिंकाळतही नाही. दोन लाकडी शिड्या माथ्यावर बिजागरीने जोडायच्या, पाय फाकू नयेत म्हणून मध्ये दोरी बांधायची, की झाला रंगाऱ्याचा घोडा. तसा मी एक जुना घोडा.

एका सुताराने मला घडवले. माझ्या प्रत्येक पायरीवर त्याने स्वतः उड्या मारून पाहिल्या, मगच मला एका तरुण रंगाऱ्याच्या हवाली केले. त्या दिवसापासून माझे पाय थांबले नाहीत. एका घरात चार दिवस, दुसऱ्यात आठ. एखाद्या खिडकीतला उजेड ओळखीचा वाटू लागला की निघायची वेळ झालेली असे. लोक भिंतींकडे पाहून म्हणत, "वा, काय सफाई आहे हाताला!" माझ्याकडे पाहून एवढेच म्हणत, "फरशीला ओरखडे पाडू नका हं." मला त्याचे वाईट वाटत नसे. थांबणे मात्र जमत नसे. काम नसले की रंगाऱ्याच्या घरी अडगळीच्या खोलीत मला ठेवत. तिथे आठवडा काढावा लागला तर माझे लाकूड आतून तडतडू लागे.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग एके दिवशी रंगाऱ्याची सात वर्षांची भाची त्याच्याकडे राहायला आली. तिची आई नर्स. तिला दूरच्या गावी हॉस्पिटलात नोकरी लागली होती. राहायला खोली मिळाली होती, पण मुलांना सोबत ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून लेक वर्षभरासाठी मामा-मामीकडे आली.

तिला सगळे भिंगरी म्हणत. ती जेवता जेवता उठे, स्वयंपाकघरातून दारात जाई, दारातून गॅलरीत. तिचे अंथरूण एक दिवस कपाटापाशी, तर दुसऱ्या दिवशी दाराजवळ. मामी म्हणायची, "अगं, जरा टेक की!" ती टेकायची आणि लगेच उठायची. मला ती पहिल्याच दिवशी कळली.

"तिला स्वतःची खोली करून देऊ," मामाने ठरवले. म्हणजे अडगळीची खोली. म्हणजे माझी!

मोठमोठ्या घरांतून मामाने मुलांच्या खोल्या रंगवल्या होत्या. गुलाबी भिंती, त्यावर पांढरे ढग. तसेच करायचे त्याच्या मनात होते, पण परिस्थिती बेताची होती. मग त्याने उरलेसुरले डबे काढले, वर धरलेली रंगाची साय बाजूला केली, लाल आणि पांढरा मिसळून गुलाबी केला. जुन्या खाटेचा डुगडुगणारा पाय बसवला. मामीने चादरीचा पडदा शिवला. चार दिवस खोलीचे दार बंद होते. "मामाची गंमत आहे, बघायचं नाही," असे भिंगरीला सांगितले होते. दाराखालच्या फटीतून मला तिचे पाय दिसत. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

त्याच दिवसांत माझी दोरी एका जागी विरली. मामीने ते पाहिले.

"अहो, ती दोरी बदला."

"बदलतो उद्या," मामा म्हणाला आणि ढग रंगवत राहिला.

पाचव्या दिवशी दार उघडले. भिंगरीने चारही भिंती पाहिल्या.

"आवडली?" मामाने विचारले.

"चांगली आहे," ती पाहुण्यासारखी म्हणाली आणि अंथरूण उचलून बाहेर निघाली.

"अगं, सगळ्या मुलींना आवडतो हा रंग!"

"मग सगळ्या मुलींना बोलाव."

मामाचे तोंड एवढेसे झाले. त्याने मला गॅलरीत नेऊन ठेवले. दोरी तशीच राहिली.

दोन दिवसांनी दुपारी मामा कामावर होता. तिथे त्या घरच्यांचीच शिडी होती, म्हणून मी घरीच. मामी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. भिंगरीने मला ओढत ओढत खोलीत आणले, कसेबसे उभे केले आणि निळा रंग घेऊन ती वर चढली. खिडकीच्या वरच्या भिंतीवर ती रेघ ओढू लागली. "इथून बस सुटते. इथे पूल. इथे..." ती आणखी वाकली. चौथी पायरी. दोरीचा एकेक धागा सुटत होता. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी फक्त करकरलो. तिला वाटले, जुने लाकूड, करकरणारच.

दोरी तुटली. माझे पाय फाकले आणि भिंगरी खाटेच्या कडेवर आपटली. तिची हनुवटी फुटली. मामी धावत आली. ओढणीने जखम दाबून तिने तिला तसेच दवाखान्यात नेले. दोन टाके पडले.

मामा आला तो थेट करवत घेऊनच. "तुकडे करतो याचे!"

"त्याची काय चूक?" हनुवटीवरची पट्टी सांभाळत भिंगरी म्हणाली. "दोरी तू बदलली नाहीस."

मामाने करवत खाली ठेवली आणि तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "काय काढत होतीस वर?"

"आईकडे जायचा रस्ता. तुझे ढग मध्ये येत होते."

मामाने वर त्या वाकड्या निळ्या रेघेकडे पाहिले. मग त्याने विचारले, "तुला कुठला रंग हवा होता गं?"

"आईच्या खोलीला कुठला आहे?"

ते कुणालाच माहीत नव्हते. फोन लावला. आधी हनुवटीचे सांगितले. आई खूप घाबरली, पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मग रंगाचा प्रश्न ऐकून हसली. "अगं, भयंकर आहे! उकडलेल्या वाटाण्यासारखा."

"जास्त उकडलेल्या की कमी?"

"जास्त. सालं सुटलेल्या."

"मलाही तोच."

मामाने कपाळाला हात लावला. "एवढी वर्षं लोकांची घरं रंगवली, हा रंग कुणी फुकट दिला असता तरी लावला नसता!"

पण दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. पिवळा, निळा, थेंबभर काळा असे मिसळत बसला. मामीने खरोखरच वाटाणे उकडून वाटीत आणून ठेवले. भिंगरी वाटीत बघे, डब्यात बघे. "हा कच्चा आहे," ती म्हणे. तीनदा नापास झाल्यावर चौथ्यांदा मामा पास झाला. ढग बुजले. खालची भिंत भिंगरीने स्वतः रंगवली. रस्ता काढताना मामाने तिला दोन्ही हातांनी कमरेला घट्ट धरून वर उचलले होते. त्या दिवसापासून तिचे अंथरूण त्या खोलीतून हलले नाही.

आणि मी? आता याच्यावर कुणी चढायचे नाही, असे म्हणून मामाने माझी बिजागरी काढली तेव्हा मला वाटले, संपले सगळे. पण त्याने माझा एक भाग आडवा करून भिंतीत पक्का ठोकला. त्यात भिंगरीची पुस्तके आली. दुसरा तिचे कपडे टाकायला खाटेजवळ उभा केला. मामाने कामासाठी नवी शिडी घेतली. सकाळी ती त्याच्याबरोबर बाहेर पडली की मी नुसता कासावीस होई.

तीन महिन्यांनी आई सुट्टीवर आली. दारातच थांबली. "अगं बाई, ही तर माझीच खोली!"

"नाही, माझी आहे," भिंगरी म्हणाली. "तू पाहुणी. बस."

आई बसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझ्या भिंतीचे मात्र पोपडे निघालेत गं."

ती निघाली तेव्हा भिंगरीने बाटलीत तोच रंग भरला, झाकण घट्ट लावले आणि बाटली तिच्या पिशवीत ठेवली. "आधी भिंत नीट घासून घे," तिने बजावले, "मगच लाव." बस गेल्यावर ती घरी येऊन खूप रडली. पण रडायला आपल्या खोलीत आली, माझ्या पायाला पाठ टेकून.

मित्रांनो, कुणाची खोली सजवाल तेव्हा डबा उघडण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि ज्याच्या आधाराने वर चढता, त्याच्याकडे अधूनमधून वाकून बघत जा.

मी अजून पुरता स्थिरावलेलो नाही. रस्त्यावर कुणाच्या शिडीचा खडखडाट ऐकला की माझे पाय शिवशिवतात. पण नेमका त्याच वेळी माझ्या पायरीवर भिंगरीचा ओला फ्रॉक असतो. तो वाळेपर्यंत तरी थांबायला हवे. आणि तो वाळतो न वाळतो, तोच ती दुसरा आणून टाकते.