मॅच पॉइंटची साक्षीदार

मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे. लाकडी आहे, म्हणून हसू नका मित्रांनो. तुमच्या आजच्या हलक्या रॅकेटी हातात घेतल्याचंही कळत नाही म्हणे! पण आमच्या काळी आमचाही रुबाब होता. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून, एकावर एक चिकटवून, साच्यात वाकवून मला घडवलं. मग तारा विणणाऱ्या काकांनी माझ्या तारा अंगठ्याने छेडल्या, कान लावला आणि म्हणाले, "वा! पोरगी गाते छान!" त्या कौतुकावर मी कितीतरी दिवस फुगून होते.

माझी मालकीण तेव्हा सतरा वर्षांची होती. बुटकी, चपळ, जाळीपाशी तर नुसती वीज. तिची जिवलग मैत्रीण तिला 'चिमणी' म्हणायची, आणि ही तिला 'लंबू'. दोघी एकाच क्लबात खेळायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. कोर्टावर मात्र दयामाया नाही.

"चिमणे, आज रडवते बघ तुला!"

"आधी वाकून चेंडू तर उचल!"

असं दिवसभर चालायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग निवड स्पर्धा आली. परदेशी जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती, आणि अंतिम सामन्यात या दोघीच समोरासमोर. तिसरा सेट, चिमणीचा मॅच पॉइंट, म्हणजे हा एक पॉइंट मिळाला की सामना तिचा. ती जाळीपाशी धावली. लंबूने जीव खाऊन चेंडू मारला. तो बाहेर जाणार हे चिमणीने ओळखलं आणि मला झटकन बाजूला ओढलं, पण जरासा उशीर झाला. चेंडू माझ्या कडेला निसटता लागला. टिक् असा बारीक आवाज झाला, आणि मग तो रेषेबाहेर पडला. नियम साधा आहे, मित्रांनो. चेंडू रॅकेटला लागून बाहेर गेला, तर पॉइंट समोरच्याचा. पंचांना दिसलं नाही, तर खेळाडूने स्वतः हात वर करून सांगायचं असतं.

पंचांना दिसलं नाही. त्यांनी सामना संपल्याचं जाहीर केलं. लंबू जाळीपाशी आली.

"लागला का गं?"

"नाही," चिमणी म्हणाली.

"बरं," म्हणून लंबूने तिला मिठी मारली. ना शंका, ना भांडण. मी त्या दोघींच्या मध्ये चेंगरले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चिमणी संघातून परदेशी गेली, तिचा फोटो पेपरात आला. लंबूचे बाबा "पुरे झाला आता खेळ" म्हणाले आणि ती पोस्टात नोकरीला लागली. पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली, शिक्षाच म्हणा. चिमणी जाळीपाशी गेली की दचकायची. मला घेऊन ती काकांकडे धावली.

"काका, हिला तडा गेलाय. टिक् टिक् वाजते."

काकांनी मला उलटीपालटी करून पाहिलं. "ठणठणीत आहे की! कानात पाणी गेलंय का तुझ्या?"

तीनदा तिने माझ्या तारा बदलून घेतल्या. खरं सांगते, तो आवाज मी पुन्हा कधीच केला नव्हता. शेवटी तिने नवी रॅकेट घेतली, तर तीही वाजू लागली! मग तिने जाळीपाशी जाणंच सोडलं. लोक म्हणाले, हिच्या खेळाची धार गेली. ती हरत गेली आणि तिशीच्या आतच खेळ सोडून प्रशिक्षक झाली.

तिने मला कार्यालयाच्या भिंतीवर, अगदी आपल्या खुर्चीसमोर टांगलं. वर्षानुवर्षं धूळ खात मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती माझ्याकडे बघायचं टाळत राहिली. मुली तिला 'मॅडम' म्हणतात. ती जीव तोडून शिकवते, पण जाळीपाशी खेळायचे धडे आले की काम मदतनीस बाईंवर ढकलते.

परवा दुपारी दारात लंबू उभी! केसांत रुपेरी छटा, सोबत दहा वर्षांची मुलगी, आईसारखीच ताडमाड. चिमणीने मुलीला चेंडू गोळा करायला बाहेर पाठवलं.

"हिला तुझ्या हाती देते," लंबू म्हणाली. "बॅकहँड काय, कोणीही शिकवेल. पण प्रामाणिक खेळायचं तूच शिकव. त्या दिवशी तू 'नाही' म्हणालीस आणि मला परत विचारावंसुद्धा लागलं नाही."

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आताही गिळून टाकणार ही.

"लंबू, लागला होता गं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

लंबूने मला भिंतीवरून काढलं. "कुठे?"

चिमणीने बोट ठेवलं. लंबूने तिथे अंगठा दाबून धरला.

"इतकी वर्षं मला वाटायचं, मीच कमी पडले. बाबांना मी तेच सांगत आले. ते गेले, तेही हेच मनात घेऊन."

चिमणी रडू लागली. लंबूने तिला गप्प केलं नाही. मला तिच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "पोरीला मी सांगून आणलंय, मॅडम कधी खोटं बोलत नाहीत. आता ते तूच जाऊन निस्तर. मी इथे बसते."

आम्ही बाहेर गेलो. चिमणीने त्या मुलीला सगळं सांगितलं, काही न लपवता. मुलीने चेंडूंची टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "मग मॅडम, जिंकलं कोण असतं?"

"माहीत नाही बाळा," चिमणी म्हणाली. "ते आता कोणालाच कळणार नाही."

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हाला ओलीत टाकू नका, रागाने आपटू नका, कधीमधी धूळही पुसा. आणि पंचांना न दिसलेलं आम्हाला दिसतं, पण आम्हाला तोंड नाही. हात तुम्हालाच वर करायचा आहे. तो त्याच क्षणी करा, सामना पुढे खेळता येण्यासारखा असतो तोवर.