काटा कोणाकडे

हरेश्वरने व्होल्ट मोजायच्या मीटरची लाल सळई उघड्या रेडिओच्या पोटात टेकवली, चष्म्यावरून काट्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात हात घसरला. काही जळलं नाही, कारण बॅटरीची तार त्याच्या मित्राने, हिरामणने, आधीच काढून हातात धरली होती.

"म्हणूनच तार माझ्याकडं ठेवली," हिरामण म्हणाला. "मागल्या वेळेला एका झटक्यात सगळे व्हॉल्व्ह घालवलेस."

मुंबईहून हिरामणनेच दोन मीटर पसंतीला आणले होते. एक ठेवायचा, दुसरा परत जायचा. हा पहिला चपटा, सुबक, पण आकडे मुंग्यांसारखे. दुसऱ्याची तबकडी चांगली ताटलीएवढी, मागच्या टेकूवर उभी राहणारी.

किहीममध्ये रेडिओ दुरुस्त करताना हरेश्वरला आजवर तबकडीची फिकीर नव्हती. नजर अधू झाल्यापासून काटा नीराबाई वाचायची. त्याने सळई टेकवावी, बायकोने शेजारून आकडा सांगावा. आषाढी एकादशीला मात्र तिने चातुर्मासाचं मौन धरलं, रोज दिवेलागणीपर्यंत. नेमकं कामाच्या वेळेचंच मौन तिला का सुचलं, हे त्याला उमगेना. कंटाळली असेल का? पण देवाच्या गोष्टीत विचारायचं कसं? त्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता, "मग आता इथं कशाला बसतेस?" ती उठून गेली, ती पुन्हा टेबलाशी आली नाही.

आताही ती दारात बसून वाती वळत होती.

"वयनी, हे व्रत आमच्या घरी बी सांगा की," हिरामण म्हणाला. "पुण्य सगळं तुमचं."

नीराबाईने हसू पदराआड दाबलं.

हरेश्वरने मोठा मीटर समोर उभा केला. हिरामणने तार जोडली. सळई टेकताच काटा नव्वदावर जाऊन थांबला. मान न वळवता हरेश्वरला तो लख्ख दिसला.

"झालं," हिरामण म्हणाला. "आता तुला कोनाची गरज न्हाय."

"व्हय," हरेश्वर म्हणाला, पण सळई तिथंच धरून राहिला. दारातले हात थांबले होते.

नीराबाई उठली. बोटांना लागलेला कापूस पुसत टेबलाशी आली, बसली, आणि मीटरचं तोंड तिने हळूच आपल्याकडे वळवलं. मग नऊ बोटं उभी केली, आणि नंतर मूठ मिटली.

हरेश्वर त्या मुठीकडे बघत राहिला.

"खुणा चालतात?"

तिने मान डोलावली आणि नजर खाली घातली. विचारायला त्याला इतके दिवस लागले होते.

हिरामण गोंधळला. "अरे, पन आता काटा तुला दिसतच न्हाय. मग मोठ्याचा उपयोग काय? धाकटा ठेवू?"

हरेश्वरने सळई पुढच्या टोकावर नेली.

"मोठाच ठेव," तो म्हणाला. "तिला बी हल्ली बारीक दिसत न्हाय."